जखम भरल्यानंतरचे वर्ष



या व्याख्यानमालेत संतसाहित्य, नाटक, सीमाभागातली मराठी असे विषय होतात. एखाद्या डॉक्टरला बोलावले तर तो मधुमेहावर नाहीतर हृदयविकारावर बोलतो. मी वण हा विषय मागून घेतला. वणाने सहसा जीव जात नाही, त्यामुळे त्यावर कुणी व्याख्यान ठेवत नाही, आणि ज्याला वण असतो तोही त्याबद्दल चारचौघांत बोलत नाही.

साहित्यप्रेमी मंडळींसमोर बोलतो आहे म्हणून आधी शब्दांकडे वळतो. संस्कृतात व्रण म्हणजे जखम. मराठीच्या तोंडी तो झिजून वण झाला आणि अर्थही पुढे सरकला. जखम गेल्यावर मागे उरते तो वण. डाग हा शब्द कातडीलाही लागतो आणि अब्रूलाही. लांछन या शब्दाची गंमत आम्हा जैनांना जास्त जाणवते. आमच्याकडे प्रत्येक तीर्थंकराचे लांछन असते. आदिनाथांचे बैल, महावीरांचे सिंह. मूर्ती कुणाची ते त्यावरून ओळखायचे. म्हणजे लांछन ही ओळखीची खूण. बाहेर रस्त्यावर आलो की तोच शब्द बदनामीचा होतो. विठोबाच्या छातीवर श्रीवत्सलांछन आहे, भृगूच्या लाथेची ती खूण म्हणून भाविक हात जोडतात. आणि आपल्याकडे कन्नड बोलणारे शेजारी वणाला ‘गायद कले’ म्हणतात. ‘कले’ म्हणजे डाग, आणि ‘कले’ म्हणजे कलाही. या भागात राहिल्याचा हा एक फायदा, एका शब्दाला दोन्ही बाजूंनी पाहता येते.

असो. आता दवाखान्यात येऊ.

माझ्याकडे वण घेऊन येण्याची एक ठरलेली वेळ असते. मुलीचे शिक्षण संपते, स्थळे यायला लागतात, आणि मग आई तिला घेऊन येते. वण लहानपणचा असतो. चौथ्या-पाचव्या वर्षी अंघोळीचे कढत पाणी सांडलेले असते, किंवा गुऱ्हाळावर काहिलीजवळ खेळताना रस अंगावर उडालेला असतो. उसाचा उकळता रस पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटतो आणि खोल भाजतो. मी विचारतो, तेव्हा काय केले होते? उत्तर बहुधा एकच असते, ‘जखम भरली, मग औषध बंद केलं.’ मधली पंधरा-सोळा वर्षे तो वण बाहीखाली, ओढणीखाली राहिलेला असतो. रात्री खाज सुटायची, कोपर पूर्ण सरळ व्हायचे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. पण औषध मागायचे ते खाजेवर नाही आणि कोपरावरही नाही. ‘दिसू नये’ एवढेच मागणे असते, तेही तारीख दोन महिन्यांवर आल्यावर.

मुलगा असला तर कारण वेगळे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, सैन्यात जायची आपल्या पोरांना ओढ आहे. भरतीच्या तपासणीत बोट किंवा कोपर पूर्ण उघडत नाही म्हटल्यावर अडचण येते, आणि तेव्हा बापाला वण आठवतो.

दोघांनाही मला तेच सांगावे लागते. वणावर जास्तीत जास्त काही करता येते ते जखम भरल्यानंतरच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात. ते वर्ष आपण घालवतो. नंतरही काही करता येते, पण मग पैसा जास्त, वेळ जास्त आणि फळ कमी.

असे का, ते थोडे समजून घेऊ. कातडीच्या वरच्या थराला खरचटले तर तो थर पुन्हा होता तसा होतो, खूण राहत नाही. जखम खालच्या थरापर्यंत गेली की शरीर घाईने ठिगळ लावते. धडधाकट कातडीतले कोलेजनचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, शहापूरच्या मागावर उभा-आडवा धागा बसतो तसे. वणात तेच धागे एका दिशेने, दाटीवाटीने पडतात. लुगड्याला रफू केले की हाताला लागते ना, तसेच. त्या रफूत घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात, तेल सुटत नाही. म्हणून वण कोरडा पडतो, खाजतो, उन्हात लवकर काळा पडतो. त्याची ताकद वाढत जाऊन सुमारे तीन महिन्यांत मूळ कातडीच्या ८० टक्क्यांपर्यंत पोचते. त्यापुढे ती जात नाही, कितीही औषध घेतले तरी.

पण हे रफू एका दिवसात पक्के होत नाही. वर्ष-दीड वर्ष शरीर त्यातले धागे काढत-घालत असते. पहिल्या काही महिन्यांत वण उलट जास्त लाल, जास्त फुगलेला, जास्त खाजरा होतो. नेमक्या याच वेळी घरचे म्हणतात, औषधाने वाढले, बंद करा. खरे तर तो त्याचा स्वभावच आहे. जोवर वण लालसर आणि कडक आहे तोवर तो कच्चा आहे, आणि कच्चा आहे तोवर त्याला वळण लावता येते. पांढरट, मऊ, सपाट झाला की तो पिकला.

म्हणून सुरुवात जखमेपासूनच करायला हवी. भाजले की वीस मिनिटे नळाचे साधे गार पाणी. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको. मूल रडते म्हणून आपण दोन मिनिटांत पाणी थांबवतो, थांबवू नका. जखम दोन आठवड्यांत भरली तर जाड वण होण्याची भीती कमी. तीन आठवडे उलटूनही भरली नाही तर वण उंच होणार असे धरून चालावे आणि तोपर्यंत सर्जनला दाखवलेले असावे. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर आहे, बेळगाव सत्तर-पंचाहत्तर. ज्याला जे सोयीचे पडेल तिथे जावे.

आणि खाणे. ‘आंबट खाऊ नको, जखम पिकेल, वांगे नको, खाज येईल’ असे म्हणून भाजलेल्या माणसाला भात आणि पातळ वरणावर ठेवतात. ठिगळ विणायला धागा लागतो, तो प्रथिनांतून येतो. डाळ, उसळ, दूध, दही, शेंगदाणे भरपूर द्या. लिंबू, आवळाही द्या, कोलेजन बनायला क जीवनसत्त्व लागतेच. आमच्या समाजात दशलक्षण पर्वात कडक उपवास करणारे आहेत. मोठी जखम भरत असताना उपवास पुढच्या वर्षी करा, असे मी स्पष्ट सांगतो. आजवर कुठल्याही महाराजांनी याला नाही म्हटल्याचे मी ऐकले नाही.

जखमेवर काय लावतात याची यादी करायला बसलो तर संध्याकाळ जाईल. हळद, चुना, कॉफीची पूड, दगडी पाला, आणि तंबाखूच्या आपल्या गावात तपकीर. दगडी पाल्याने रक्त थांबते असा जुना अनुभव आहे, पण रानातला पाला मातीसकट जखमेत जातो त्याचे काय? झेंडूचा पाला चोळणारे मला सांगतात, ‘तुमच्या होमिओपॅथीत कॅलेंड्युला आहे ना, तेच हे.’ तेच नाही. कॅलेंड्युला ही वेगळी वनस्पती, आपला दसऱ्याचा झेंडू वेगळा.

सगळ्यांत त्रास देतो तो बिब्बा. गुडघा दुखला, टाच फुटली, पाय मुरगळला की बिब्बा तापवून लावायचा. परीट ज्या रसाने कपड्यावर कधीही न जाणारी खूण करतात तोच हा रस. तो कातडीवर फोड आणतो आणि मागे काळा वण ठेवतो. यात एक मौज आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यातले काही जखम भरल्यानंतरचे आहेत. उंच वण बसवणे, खोल वण वर आणणे, पांढऱ्या वणाला काळा रंग आणणे, काळ्याला उजळ करणे, गेलेले केस परत आणणे. म्हणजे जखम भरली की काम संपले असे त्या वैद्याने मानले नव्हते. आणि पांढरा वण काळा करण्यासाठी त्याने सांगितलेल्या औषधात भल्लातक, म्हणजे बिब्बाच आहे. पण तो आधी गोमूत्रात आणि दुधात मुरवून, शुद्ध करून. आपण नेमके शोधन विसरलो आणि बिब्बा तेवढा लक्षात ठेवला.

आता कच्च्या वणावर काय करावे. पहिले, ऊन. नव्या वणावर वर्षभर ऊन पडू देऊ नये; लांब बाही, टोपी, नाहीतर सनस्क्रीन. आपल्या सावळ्या कातडीला रंग लवकर धरतो. दुसरे, मालीश. जखम पूर्ण बंद झाल्यावर, साधे खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून, अंगठ्याने दाबून गोल-गोल, दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे. तेलात जादू नाही, दाबण्यात आणि सातत्यात आहे. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून लावायची पद्धत फार पसरली आहे. तिने वण सुधारतो असे चाचण्यांत दिसले नाही, उलट काहींना पुरळ येते.

तिसरे, सिलिकॉनची पट्टी किंवा जेल. उंच होऊ पाहणाऱ्या वणाला घरच्या घरी करण्यासारख्या उपायांत तज्ज्ञ याचेच नाव आधी घेतात. पट्टी दिवसातले बारा तासांहून जास्त, निदान दोन-तीन महिने लावायची. रोज धुऊन पुन्हा वापरता येते. ती वणावरचा ओलावा टिकवते, त्यामुळे खाजही कमी होते. आमच्या जैन घरांतून हमखास प्रश्न येतो, ‘डॉक्टर, हे कशापासून केलंय?’ सिलिकॉन प्राणिज नाही, निश्चिंत राहा. जखमेवर लावायच्या कोलेजनच्या पट्ट्या मात्र जनावराच्या नाहीतर माशाच्या कोलेजनपासून करतात. त्याबद्दल आक्षेप असेल तर सर्जनला आधीच सांगावे, दुसरे पर्याय असतात. ड्रेसिंग झाल्यावर घरी वाद घालू नये.

मोठ्या भाजण्यात मापाचे घट्ट कपडे शिवून घेतात, ते दिवसातले तेवीस तास, कित्येक महिने घालायचे. त्यांनी उंचवटा कमी व्हायला मदत होते, रंगावर फार फरक पडत नाही. एप्रिल-मे मध्ये लहान मुलाला ते घालणे काय असते हे ज्या आईने केले आहे तिलाच माहीत. मूल वाढते, कापड सैल पडते, दर काही महिन्यांनी नवे शिवावे लागते. पण सांध्यावर भाजले असेल तर कपड्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे हात-पाय कुठल्या अवस्थेत ठेवता ती. दुखते म्हणून मूल कोपर दुमडून, मान खाली घालून, काख मिटून निजते. ज्या अवस्थेत त्याला बरे वाटते, नेमक्या त्याच अवस्थेत वण आखडतो. म्हणून स्प्लिंट लावून हात सरळ ठेवायचा, मानेखालची उशी काढायची, आणि फिजिओथेरपी रडत-ओरडत का होईना चालू ठेवायची. आजीला हे पाहवत नाही. मी आजीलाच समोर बसवून सांगतो, कारण घरात स्प्लिंट सोडणारे हात बहुधा तिचेच असतात.

आता माझ्या शास्त्राबद्दल. होमिओपॅथीत वणासाठी ग्रॅफायटिस, सिलिशिया, कॅल्केरिया फ्लोर, थिओसिनामिनम ही नावे घेतली जातात. थिओसिनामिनम मोहरीच्या तेलापासून येते, कडक वणासाठी त्याची ख्याती जुनी आहे. मीही ती देतो. पण चांगल्या चाचणीत या गोळ्यांनी वण बसल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि सिलिकॉन व मालीश यांच्याऐवजी मी त्या कुणाला देत नाही. वण वर्षभरात आपोआपही थोडा बसतो. त्याचे श्रेय कुठल्याही पॅथीने घेऊ नये, माझ्याही नाही. ‘तीन महिन्यांत वण मुळापासून साफ’ अशी पाटी दिसली तर पॅथी न पाहता पुढे चला. मेडिकलमधून आपल्याच मनाने आणलेली गोरेपणाची ट्यूब तर नकोच. अशा पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते, आठवडाभर चेहरा उजळतो, आणि पुढे कातडी पातळ होऊन लाल पडते.

काही वण मात्र स्वभावानेच वाढणारे. जखमेची हद्द ओलांडून खेकड्याच्या नांगीसारखे पसरतात, त्यांना केलॉइड म्हणतात. कानाची पाळी, खांदा, छातीचा मध्य या त्यांच्या आवडत्या जागा. कान टोचल्यावर, बुगडीसाठी वरचा कान टोचल्यावर बोराएवढी गाठ येते. घरात कुणाला अशी गाठ असेल तर मुलीला जास्तीची भोके पाडायची हौस आवरावी. केलॉइड नुसते कापून टाकले तर बहुतेक वेळा परत येते, कधी आधीहून मोठे. त्यावर दर महिन्या-दीड महिन्याला वणातच स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. हे त्वचारोगतज्ज्ञाचे किंवा प्लास्टिक सर्जनचे काम आहे, माझ्या पदवीचे नाही, आणि मी त्यांच्याकडेच पाठवतो. इंजेक्शन दुखते, चार-सहा वेळा घ्यावे लागते, आणि आपली माणसे दुसऱ्यानंतर जात नाहीत.

पिकलेल्या, आखडलेल्या वणाला शस्त्रक्रिया असते. तिची एक गोष्ट आपल्या मुलखातली आहे. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा मराठा बैलगाडीवान होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ एका विटा घडवणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक केले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह ती हकीकत छापून आली. ती वाचून पुढे १८१४ मध्ये लंडनला कार्प्यू नावाच्या सर्जनने तसेच नाक केले. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे सगळे सांगतात. मी रुग्णांना त्यातले दुसरेच सांगतो. कावसजीला नाक मिळाले, पण कपाळावर वण आला. सर्जन वण पुसत नाही. वाईट जागेचा किंवा वाईट दिशेचा वण घेऊन त्याच्या बदल्यात बरा वण देतो. आखडलेली काख मोकळी होते, पापणी मिटते, ओठ जुळतात, ही मोठी कमाई आहे. लेसरने लाली आणि खडबडीतपणा कमी होतो, पण बऱ्याच बैठका लागतात आणि खर्च मोठा. लग्नाआधीच्या दोन महिन्यांत यातले काहीच धड होत नाही.

आता समोर बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींसाठी. बायपासनंतर छातीवरचा वण खाजतो, शर्टाच्या बटणाने टोचतो. गुडघा बदलल्यावर वणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटते. सिझेरियनचा वण पावसाळ्यात ओढतो. ‘वयाचे आहे, चालायचेच’ असे म्हणून हे सांगत नाहीत. सांगा. कोरडेपणाला अंघोळीनंतर लगेच मलम, उंचवट्याला सिलिकॉन, झोपमोड करणाऱ्या खाजेला डॉक्टरी गोळी, आणि मोठ्या भाजण्यातल्या खाजेला नसांवरचे औषध, असे पुष्कळ काही आहे. वण दिसायला तसाच राहिला तरी रात्री झोप लागली तर माणूस बदलतो. गुडघ्याची बधिरता बहुधा थोडी उरतेच. पण ती बिघडलेल्या शस्त्रक्रियेची खूण नाही, एवढे कळले तरी घोर कमी होतो.

लपवण्याबद्दल एक सांगतो. टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, सभांचे मैदान म्हणून. तिथे देवीची लस तयार होत असे, वासरांच्या अंगावर वाढवून, आणि ती मुंबई इलाखाभर जात असे. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांच्या दंडावर ती ‘देवी काढल्याची’ खूण आहे, रुपयाएवढी, खळगे पडलेली. १९७७ मध्ये भारत आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले, त्यानंतरच्या पोरांना ती नाही. दिसायला तो वण काही देखणा नाही. तरी त्याच्यासाठी कुणाचे स्थळ मोडले नाही, कुणी त्यावर लेसर मागितला नाही, कारण तो सगळ्यांना होता आणि का आला ते सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून स्थळ पाहताना मुलीचा भाजल्याचा वण लपवू नका, असे मी आईबापांना सांगतो. कधी भाजले, कसे भाजले, हे दोन वाक्यांत सांगून टाका, आणि तेही शक्यतो मुलीला स्वतःला सांगू द्या. लपवलेल्या वणावरून लग्नानंतर पोरीला ऐकवलेले बोल माझ्या दवाखान्यात पुष्कळ पोचले आहेत. आधी सांगितलेल्या वणावरून फार कमी.

शेवटी एक धोक्याची सूचना, कारण ही एकच गोष्ट अशी आहे की जिथे वणानेही जीव जाऊ शकतो. भाजल्याच्या जुन्या, कधी कधी वीस-तीस वर्षांच्या वणावर जखम होऊन ती भरतच नाही, कडा जाड होतात, रक्त किंवा घाण वास येतो. याला चप्पल लागली, खाजवले, अशी कारणे देत महिने काढतात. अशा जखमेत कर्करोग असू शकतो. जुन्या वणावरची जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, तर मलम बदलत बसू नका, माझ्याकडे गोळ्या मागायलाही येऊ नका. सरळ सर्जनकडे जा आणि तुकडा काढून तपासायला सांगा. घरात कुणाला असा जुना मोठा वण असेल, विशेषतः पायावर, तर आज गेल्यावर दिव्याखाली एकदा नीट पाहून घ्या.